दुहेरी सतरा

"त्यानं वळखलं, तर माझं नाव सांग. न्हाई वळखलं, तर गप ऱ्हा. उगंच गावभर करू नगंस."

दस्तगीर मेस्त्री खाटेवर उशीला टेकून बसले होते. डावा हात बोलण्याबरोबर हलत होता, उजवा मांडीवर ठेवल्या जागी पडून होता. दोन वर्षांपूर्वी लकवा आला तेव्हापासून तो तसाच. बोलताना तोंड एका बाजूला ओढलं जायचं, पण मला त्यांचं सगळं समजायचं. सोळा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली होती.

"आनि ह्या पिशवीचं काय?" मी विचारलं.

खाटेखालून त्यांनीच मला ती ओढून काढायला लावली होती. जाड कापडाची पिशवी, आत तेलकट फडकं आणि फडक्यात पाण्याच्या पंपाची जुनी बॉडी. मधोमध तडा गेलेली. तिच्या अंगावर, नखाएवढ्या गोलात, सतरा हा आकडा ठोकलेला होता.

"वळखलं तर ही बी द्यायची त्याला. म्हनावं, तुमचा माल तुमाला परत. बत्तीस वर्सं सांभाळलाय."

"आनि न्हाई वळखलं तर?"

"तर मग आन हितंच. ठेव खाटंखाली."

मी पिशवी खांद्याला लावली. निघताना लक्षात आलं की मेस्त्रींची दाढी केलेली आहे आणि अंगात ईदेला घालायचा पांढरा सदरा आहे. फळीवर दोन कपबश्या होत्या, त्या त्यांच्या नव्हत्या. शेजारच्या शरीफाबीच्या घरच्या असाव्यात. मेस्त्री स्वतः पोचे पडलेल्या जर्मलच्या मगातून चहा प्यायचे. मी त्याबद्दल काही विचारलं नाही. गाडी तपासायला जर्मन साहेब येणार होता, पूर्वी तिच्याच कारखान्यात असलेला. मला दहाच्या आत मोटारखान्यात पोचायचं होतं आणि डोक्यात गाडीशिवाय दुसरं काही नव्हतं.

गाडी म्हणजे हाल्डेन. आठ सिलिंडरची, दुधी रंगाची, उघड्या टपाची. करंजगड संस्थान तसं चिमुकलं, वेदगंगेच्या काठची पंधरा-वीस गावं. पण थोरले सरकार छत्तीस साली पोटाच्या दुखण्यावर इलाज करायला जर्मनीला गेले आणि पोटाचं दुखणं तिथंच टाकून ही गाडी घेऊन आले. निदान मोटारखान्यात तरी गोष्ट अशीच सांगत. सदतीस साली ती बोटीनं मुंबईला उतरली. तिला आणायला मेस्त्रींना पाठवलं होतं. तोवर त्यांनी संस्थानचा एक खटारा ट्रक आणि विहिरीवरचं इंजिन एवढंच हाताळलं होतं. गाडी वेशीत आली तेव्हा अख्खं गाव जमलं. पुरोहितानं नारळ उचलला आणि सरळ मडगार्डावर फोडायला निघाला. मेस्त्रींनी मध्ये हात घातला. नारळ हातावर बसला. उजव्या मनगटावरचा तो व्रण ते मला पुढं कितीतरी वर्षं दाखवत असत. गाडीला मात्र ओरखडा उठला नाही.

आम्ही तिला जर्मनीण म्हणायचो. बॉनेट एवढं लांब की वळणावर आधी जर्मनीण वळायची आणि मग सावकाशीनं मागून सरकार यायचे.

बेचाळीस साली तिचा पाण्याचा पंप तडकला. ऐन लढाई. जर्मनीला पत्र टाकायचं तर इंग्रज एजंटाच्या भुवया वर जायच्या. सरकारांनी मेस्त्रींना बोलावून फक्त एवढं विचारलं, "होईल का?" मेस्त्रींनी लाकडाचा साचा कोरला, कोल्हापुरात गनमेटल ओतून घेतलं, आणि दीड महिना कानशीनं घासून पंप उभा केला. मूळच्यावर जे जे होतं ते ते नव्यावर आलं. नंबर, बाणाची खूण, आणि तो गोलातला सतरा. हा सतरा म्हणजे तपासनिसाचा शिक्का. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पार्टावर तपासणारा माणूस आपला पंच, म्हणजे आकडा कोरलेला पोलादी ठसा, ठोकून द्यायचा. आमच्या गाडीवर तो जागोजागी होता, स्वच्छ आणि एकेरी. फक्त त्या पंपावर त्या माणसाचा हात घसरला होता. आकडा दोनदा उठला होता, केसभर सरकून. सातच्या काठीला सावली पडावी तसा. मेस्त्रींनी तोही तसाच उठवला.

लढाई संपली, पण कारखान्याचं गाव रशियाच्या बाजूला गेलं आणि कारखानाच राहिला नाही. मग स्टिअरिंगच्या पेटीचं झाकण मेस्त्रींनी केलं. मग डिस्ट्रिब्युटरची बॉडी. मी अठ्ठावन्न साली आलो, त्यानंतर कार्बुरेटर आणि एक ब्रेकड्रम. ते दोन मीच लेथवर चालवले, मेस्त्री पाठीशी उभे राहून. शेवटचा हात आणि शिक्का मात्र त्यांचा. त्यांनी स्वतः घडवलेला पंच एका चिंधीत गुंडाळलेला असायचा, खंडेनवमीला हत्यारं मांडताना तेवढा दिसायचा. पार्ट तयार झाला की ते सतरा ठोकायचे, पंच केसभर सरकवायचे आणि पुन्हा ठोकायचे.

ब्रेकड्रमच्या वेळी मी बोललो होतो. "मेस्त्री, मूळच्या ड्रमवर सतरा एकेरी हाय. तुमचा दुहेरी पडतोय."

"पडू दे."

"पर चूक झाली न्हवं?"

"तुला काय करायचंय? तू झिलाई बघ."

मी झिलाई बघितली. मला वाटलं, पहिला शिक्का पंपावरचा बघून उठवला, तीच सवय हाताला लागली. म्हाताऱ्या माणसाचा हेका.

थोरले सरकार पाहुण्यांना गाडी दाखवायचे तेव्हा मेस्त्री फडकं घेऊन मागं उभे असायचे. सरकार बॉनेट उघडून म्हणायचे, "जर्मन माल. इतक्या वर्षांत पान्याला हात लावावा लागला नाही." पाहुणे मान डोलवायचे. मेस्त्रीही डोलवायचे. सरकार वाईट नव्हते. आजारात मेस्त्रींना त्यांनी कधी कमी पडू दिलं नाही. पण ते वाक्य त्यांच्या तोंडात बसलं होतं आणि पुढं पुढं बहुतेक त्यांना ते खरंच वाटायला लागलं होतं.

वायगल साहेब दहाच्या ठोक्याला आला. जर्मनीतल्या एका मोटारींच्या संग्रहालयानं त्याला पाठवला होता. थोरल्या सरकारांना जाऊन वर्ष होत आलं होतं; धाकटे सरकार दिल्लीला असायचे, गाडी संग्रहालयाला द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. वायगलचं वय बासष्ट-त्रेसष्ट असावं. उंच, वाकलेला, कानांवर पांढरे केस. त्यानं कोट काढला, इकडंतिकडं बघितलं आणि खिळ्यावर अडकवला. त्याच्या शेजारच्या खिळ्यावर माझी पिशवी होती.

तो जर्मन, धाकटे सरकार इंग्रजीत बोलणारे, आणि मी मराठीशिवाय काही न येणारा. वायगल इंग्रजीत सांगायचा, सरकार मला मराठीत. सरकारांचं मराठी बोर्डिंगातलं होतं, थोडं अवघडलेलं, पण समजायचं.

"हे त्याच कारखान्यात तपासनीस होते," सरकार म्हणाले. "म्हणतात, तू गाडी फार छान ठेवलीस."

मी हात जोडले.

वायगलनं बाह्या दुमडल्या, गुडघ्यांवर बसला आणि बॅटरीच्या उजेडात एकेक पार्ट बघायला लागला. त्याचा हात बघूनच मला कळलं की हा आमच्यातला माणूस आहे. तो लोखंडाला उगाच चाचपत नव्हता. बोट ठेवायचा, थांबायचा, पुढं जायचा. सतरा दिसला की हसायचा.

"सतरा नंबर ह्यांचाच," सरकार म्हणाले. "हा शिक्का ह्यांच्या हातचा आहे."

इतक्या लांबून माणूस येतो आणि नेमका तोच येतो. मी त्या क्षणी मेस्त्रींकडं पळत जाऊन सांगायला हवं होतं. शंभर पावलांवर घर होतं. पण मी जागचा हललो नाही, कारण वायगल पंपापाशी आला होता.

त्यानं बॅटरी जवळ नेली. दुहेरी सतरावर बोट ठेवलं आणि तसाच बसून राहिला. मग मान वर न करता हळूहळू बोलायला लागला. सरकार ऐकत राहिले आणि बऱ्याच वेळानं माझ्याकडं वळले.

"हा शिक्का ठोकत होते त्याच वेळी घरून निरोप आला, बायकोला कळा सुरू झाल्यात म्हणून. हात घसरला. वरच्या साहेबानं हटकलंसुद्धा. संध्याकाळी मुलगी झाली. ती मुलगी आणि बायको, दोघी लढाईत गेल्या. ह्यांचं गाव आता रशियाच्या बाजूला आहे, ह्यांना तिथं जाता येत नाही. म्हणतात, त्या दिवसाचं काहीच शिल्लक राहिलं नव्हतं. हे आहे हे माहीतच नव्हतं."

वायगल अजून बोट ठेवून होता. ते बोट मेस्त्रींनी केलेल्या पंपावर होतं. त्याचा खरा शिक्का, त्या दिवसाचा, माझ्या पिशवीत होता. त्याच्या कोटाशेजारी.

तेवढ्यात वाड्यावरून माणूस आला, दिल्लीचा ट्रंक कॉल लागलाय म्हणून. सरकार गेले. मोटारखान्यात आम्ही दोघंच उरलो.

वायगल उठला आणि पुढचं बघायला लागला. स्टिअरिंगच्या पेटीपाशी तो थबकला. बॅटरी जवळ नेली, लांब नेली. मग डिस्ट्रिब्युटर. मग कार्बुरेटर. मग चाक काढायची खूण केली. मी जॅक लावला, चाक काढलं, ड्रमवर दुहेरी सतरा होता. तो परत पंपापाशी गेला आणि परत ड्रमपाशी आला. खिशातून भिंग काढलं. आता तो शिक्का बघत नव्हता, पंपाची कड बघत होता, कानशीचा हात बघत होता. ज्याला कळतं त्यालाच दिसेल अशा जागी.

एक घसरलेला हात पाच ठिकाणी सारखाच घसरत नाही. तपासनिसाला हे कुणी सांगायला नको.

तो स्टुलावर बसला. आधी मला वाटलं चिडला. मग बघतो तर हसत होता, आवाज न करता, खांदे हलवत. हसता हसता त्यानं डोळे पुसले. मग माझ्याकडं बघितलं. पंपाकडं बोट केलं, ड्रमकडं केलं, आणि मग माझ्या छातीकडं.

"यू?"

एवढं इंग्रजी मला येत होतं.

आता मी खरं सांगतो, कारण खोटं सांगून झालेलं आहे. भाषा येत नव्हती म्हणून घोटाळा झाला, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते काही खरं नाही. नाही म्हणायला भाषा लागत नाही, मान आडवी हलवली की झालं. पण तो माणूस माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होता तसं मला जन्मात कुणी बघितलं नव्हतं. बापानं नाही, बायकोनं नाही, सरकारांनी तर नाहीच. मेस्त्रींनीही नाही. त्यांची शाबासकी म्हणजे "चालंल". त्यांच्याकडून "चालंल" ऐकायला मी महिना महिना मरायचो. आणि हा इतक्या दुरून आलेला जाणता माणूस माझ्यासमोर उठून उभा राहिला होता.

शिवाय दोन पार्ट मी चालवलेच होते. हेही त्या क्षणी मनात आलं.

मी मान उभी हलवली.

त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. त्याचे हात खरखरीत होते.

सरकार परत आले तेव्हा तो भराभरा बोलत सुटला. सरकार आश्चर्यानं माझ्याकडं बघत राहिले. "हे म्हणतात, हे पाच पार्ट इथं बनवलेत. तू बनवलेस? खरंच?"

अजून वेळ गेलेली नव्हती. उलट आता तर दुभाष्या समोर होता.

"व्हय सरकार."

"मला वाटायचं, ते दस्तगीर बघायचे हे सगळं."

"देखरेख करायचे, सरकार."

सरकारांनी ते इंग्रजीत सांगितलं. मी कान देऊन ऐकत होतो. इंग्रजी मला कळत नव्हतं, पण माणसाचं नाव कुठल्याही भाषेत नावच राहतं. दस्तगीर हा शब्द त्यात आला नाही. मी ते नाव घेतलंच नव्हतं, मग ते पुढं कसं जाणार.

वायगलनं वही काढली. "तुझं पूर्ण नाव विचारतात," सरकार म्हणाले. "कागदपत्रात घालणार म्हणतात. कारखान्याच्या नावाखाली."

"रंगराव धोंडी लोहार."

त्यानं एकेक अक्षर विचारून लिहून घेतलं. मग त्यानं पंपाकडं बघितलं आणि काहीतरी विचारलं, अगदी हळू आवाजात.

"मूळचा पंप कुठं आहे विचारतात. तडकलेला. तो मिळाला तर बरं होईल म्हणतात."

पिशवी खिळ्यावर होती. हात लांब केला असता तर पोचली असती. पण पिशवी दिली तर मेस्त्री काय म्हणाले तेही सांगावं लागलं असतं. तुमचा माल तुम्हाला परत, बत्तीस वर्षं सांभाळलाय. मी तेहेतीस वर्षांचा होतो. बत्तीस वर्षं कुठून सांभाळणार होतो? ते माझ्या आत्ता लक्षात येतंय असं नाही, तेव्हाच आलं होतं. बेचाळीस साली मी पाळण्यात होतो. सरकारांनी हिशेब केला असता तर तिथंच माझं पितळ उघडं पडलं असतं. त्यांनी केला नाही. मोठ्या माणसांना आमची वयं माहीत नसतात.

"भंगारात गेला, सरकार. लई दिवस झालं."

वायगलनं मान हलवली. नवल नाही, अशी. त्यानं पुन्हा एकदा माझ्या, म्हणजे मेस्त्रींच्या, दुहेरी सतरावरून अंगठा फिरवला. मग पँटच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातून बोटाएवढा एक पोलादी पंच सोडवला आणि माझ्या तळहातावर ठेवला. टोकाला गोल आणि गोलात उलटा सतरा.

"कारखान्यातून निघताना एवढाच आणला होता म्हणतात," सरकार म्हणाले. "म्हणतात, आता हा तुझ्याकडं शोभेल."

कोट घेताना त्याचा हात पिशवीला लागला. पिशवी थोडी हलली आणि स्थिर झाली.

मेस्त्रींच्या घरी पोचायला शंभर पावलं. मी ती सरळ चाललो नाही. ओढ्याकडून फिरलो, पाराला वळसा घातला, सगळ्या वाटेनं बोलणं जुळवत. सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. मेस्त्री, माझ्या हातून चुकलं, म्हणायचं. साहेब अजून वाड्यावर आहे, चार वाजता जाणार आहे, आत्ता जाऊन घेऊन येतो, म्हणायचं. मी आणलं असतं त्याला. त्या गल्लीत त्याच्या उंचीला वाकून यावं लागलं असतं, एवढंच.

दार उघडंच होतं. मेस्त्री सकाळी बसले होते तसेच बसले होते. पांढऱ्या सदऱ्याची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली. चुलीवर पाणी ठेवायला शरीफाबीला सांगून ठेवलं असावं, ती दारातून डोकावून गेली. मेस्त्रींनी आधी माझ्या मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं. मग त्यांनी माझ्या खांद्याकडं बघितलं.

"पिशवी परत आली," ते म्हणाले.

मी जुळवलेलं सगळं बोलणं तिथं तुटलं.

"म्हंजे वळखलं न्हाई त्यानं."

खरं सांगायला मला दोन श्वासांची सवड होती. मी त्यात खिशातला पंच घट्ट धरला.

"न्हाई वळखलं," मी म्हणालो. "सगळं जर्मनच हाय म्हनाला."

मेस्त्री हसायला लागले. ओढलेल्या तोंडानं, एका बाजूनं, पण मनापासून. "वळखलं न्हाई! आरं, कारखान्याचा मानूस, आनि त्याला कानस वळखू आली न्हाई? पंप बघितला न्हवं त्यानं?"

"बघितला. हात फिरवून बघितला."

"आनि काय म्हनाला?"

"म्हनाला, असं काम आता हुईत न्हाई."

हे मात्र खरं असावं. तो काहीतरी तसंच म्हणाला असणार. मेस्त्री मान हलवत राहिले, हसत राहिले, आणि मला वाटलं, चला, निभावलं. म्हाताऱ्याला आनंदच झाला. कारागिराला ह्याहून मोठं काय हवं? मी पिशवी खाटेखाली सरकवली.

मग त्यांचं हसू थांबलं.

"आनि सतरा?"

"काय सतरा?"

"सतरा बघितला न्हाई त्यानं? दुहेरी?"

"बघितला असंल."

"आसंल न्हवं. बघितला का न्हाई?"

"बघितला, मेस्त्री. काय बोलला न्हाई."

ते बराच वेळ डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून सरळ करत राहिले. ती सरळ राहत नव्हती.

"पाच जागी ठोकला मी त्यो," ते शेवटी म्हणाले. "एका जागी त्याच्या हातनं चुकला, ती त्याची चूक. बाकीच्या चार जागी एकेरीच असायला पायजे, मला कळत नव्हतं व्हय? तू बी इचारलं व्हतंस. सरकारांनी जर्मन म्हनायचं, मी मान हलवायची. बरं. त्यांच्या घरचं मीठ खाल्लंय, आपन बोलायचं न्हाई. पर म्हनलं, कवातरी कोन जानता येईल. पाच जागी एकच चूक बघंल. त्याला कळंल, का बाबा ही चूक न्हाई, हितं कोन तरी मानूस हाय. आनि इचारंल, ह्यो कोन?"

मी खाटेखालची पिशवी पायानं आणखी आत सरकवली.

"इचारलं न्हाई?"

आता होय म्हटलं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग तू काय सांगितलंस?

"न्हाई इचारलं," मी म्हणालो.

शरीफाबी दोन्ही कपबश्यांत चहा ओतून घेऊन आली. मेस्त्रींनी एक माझ्यापुढं सरकवायला सांगितली. दुसऱ्या कपाकडं बघितलंही नाही. "सदरा काढ बग माज्या अंगातला," ते तिला म्हणाले. "उगं मळंल." सदरा काढायला आम्ही दोघांनी मिळून त्यांना उचललं. मग ते भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. मी बशीतला चहा संपवला. तो मला संपवावा लागला. त्या घरी पहिल्यांदाच मी कपबशीतून चहा प्यालो होतो.

चार वाजता साहेबाची गाडी वाड्यातून निघाली. तिचा आवाज गल्लीत ऐकू आला. मेस्त्रींनी डोळे उघडले असतील की नाही, मला दिसलं नाही.

जर्मनीण पुढच्या महिन्यात लाकडी खोक्यात बसून गेली. मेस्त्री दसऱ्याआधी गेले. तोवर मी रोज संध्याकाळी जात होतो. त्यांनी गाडीचा विषय पुन्हा काढला नाही आणि मलाही काढता आला नाही. रोज जाताना वाटायचं, आज सांगू. त्यांना ते ऐकायचा हक्क होता. वर्षभरानं संग्रहालयाचं एक गुळगुळीत पुस्तक आलं. त्यात गाडीचा फोटो होता आणि फोटोखाली, बारीक अक्षरांत, कारखान्याच्या नावाशेजारी माझं नाव. पोस्टमननं गावभर दाखवलं. लोक पुढं कित्येक दिवस मला थांबवून विचारायचे. वायगल साहेबाचं पत्रही होतं. धाकट्या सरकारांनी वाचून दाखवलं. मूळचा पंप कधी सापडला तर कळवा, असं त्यात शेवटी होतं. त्याला मी उत्तर पाठवलं नाही.

पन्नास वर्षं झाली. मुलगा पुण्याला असतो. बायको गेल्याला नऊ वर्षं झाली. वायगलचा पंच माझ्याकडं आहे. खंडेनवमीला हत्यारं मांडतो तेव्हा मेस्त्रींचा आणि त्याचा, दोन्ही पंच शेजारी ठेवतो. बघायला येणारं कुणी नसतं. मेस्त्रींचा जास्त नीट आहे, हे मी कुठंही छातीवर हात ठेवून सांगेन, पण विचारणारा मेलेला आहे. मेलाच असणार.

पिशवी आता माझ्या खाटेखाली असते.